वोल्फ्सबुर्गच्या घरातली आवराआवर

हायडेलबर्गमधलं इरा आणि तनयचं घर त्या संध्याकाळी रिकामं झालं होतं. सकाळी घरमालक यूबरगाबेला, म्हणजे घर ताब्यात घ्यायला, येणार होता. दोघांनी दिवसभर व्हिनेगर मारून नळ घासले होते, भिंतीतली खिळ्यांची भोकं बुजवली होती, ओव्हनमध्ये डोकं घालून काजळी खरवडली होती. छताचे दिवेही काढून खोक्यात गेले होते. अंधार पडल्यावर एका टेबललँपच्या उजेडात तिघं जमिनीवरच बसली. तिसरे होते आत्मारामकाका, इराचे सख्खे काका, सांगलीहून पंधरा दिवसांसाठी आलेले.

"काका, घर असं पुसलंय," तनय म्हणाला, "की आम्ही इथे राहिलो होतो यावर कुणाचा विश्वास बसणार नाही."

काकांनी चहाचा कागदी कप खाली ठेवला. "असं म्हणू नये रे," ते म्हणाले. इराने का म्हणून विचारलं, तेव्हा म्हणाले, "आमच्या चुलतभावाची, वासुदेवची बायको, सुधावहिनी. तू लहानपणी पाहिलं आहेस त्यांना. त्यांनी हे मला स्वतः सांगितलं. एकदाच. पुन्हा विषय काढू दिला नाही."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

सुधावहिनींची सारी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. कानाला हेडफोन लावायचा आणि दिवसभर माणसांना माणसं जोडून द्यायची. घरी आल्या की वासुदेवराव बोलायला असायचेच. ते गेले, आणि घर एकदम मुकं झालं. मुलगा म्हणाला, आई, तीन महिने तरी ये माझ्याकडे. म्हणून २०१६ च्या नोव्हेंबरात वहिनी वोल्फ्सबुर्गला गेल्या.

मुलगा सत्यजित तिथे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. सून कौमुदी शेजारच्या गावात नोकरीला. दोघं अंधारात बाहेर पडत आणि अंधारातच घरी येत. मधला अख्खा दिवस वहिनी एकट्या. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली बघितलं तर नुसत्या गाड्या, आणि गाड्यांच्या काचा बंद. पायी चालणारं माणूस दिसलं तर वहिनी ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत राहायच्या.

पहिल्याच रविवारी कौमुदीने त्यांना घर समजावून दिलं. मुलगी चांगली, बरं का, आवाजात तुसडेपणा नाही. "आई, इथल्या पाण्यात काल्क फार असतो, क्षार. नळावर थेंब सुकला की पांढरा डाग पडतो. म्हणून वापरला की नळ कोरडा करायचा. आंघोळीनंतर शॉवरची काच या रबराच्या वायपरने वरून खाली ओढायची. खिडक्या सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं सताड उघडायच्या, नाहीतर भिंतीला बुरशी धरते. दुपारी आणि रविवारी व्हॅक्यूम नाही लावायचा, खाली आवाज जातो."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

पण साठी उलटलेल्या बाईच्या हाताला नवीन सवय पटकन लागत नाही. नळ ओला राहायचा, काच तर रोजच राहायची. कौमुदी काही बोलायची नाही. वहिनी आंघोळ करून खोलीत आल्या की कौमुदी मागोमाग बाथरूममध्ये गेल्याचा आवाज यायचा, आणि मग काचेवर रबर घासल्याचा. कुईं... कुईं... तो आवाज वहिनींना टोमण्यासारखा लागायचा. आपण या घरात डाग पाडतो, असं त्यांना वाटायला लागलं.

मग एका गुरुवारी कौमुदी ऑफिसातून आली, बाथरूममध्ये गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "आई, काय चकचकीत ठेवलंय तुम्ही. मला इतकं जमत नाही."

वहिनी त्या दिवशी आंघोळ करून नळ-काच न पुसताच बाहेर आल्या होत्या. मी नाही केलं, असं ओठांवर आलं होतं. पण सुनेने पहिल्यांदा कौतुक केलं होतं. त्या नुसत्या हसल्या. सत्यजितने पुसलं असेल, म्हणाल्या मनात.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. नळ कोरडे, बेसिन कोरडं, ओट्यावर कण नाही. कौमुदी आता त्यांच्याशी जेवताना गप्पा मारायला लागली. लोणच्याची कृती विचारली. घरात जरा ऊब आली.

आणि मग एका दुपारी, घरात वहिनींखेरीज कुणी नसताना, बाथरूममधून आवाज आला.

कुईं... कुईं...

वहिनी उठल्या. दार ढकललं. आत कुणी नाही. काच निम्मी कोरडी, खालचा निम्मा भाग ओला. वायपर हुकावर होता. पण हलत होता.

तुम्हाला वाटेल, त्या किंचाळल्या असतील. मलाही तसंच वाटलं होतं. पण वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पंधरा दिवसांत दिवसाउजेडी त्या घरात माझ्याशिवाय कुणाचा आवाज ऐकला नव्हता मी." त्या स्वयंपाकघरात गेल्या, चहा टाकला आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "उरलेली राहू दे. मी करते."

तेव्हापासून त्या बोलायला लागल्या. मराठीतच. आज काय भाजी करायची, वासुदेवरावांना काय आवडायचं, एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला काय गमती व्हायच्या. उत्तर यायचं नाही. कुठल्यातरी खोलीत फडकं फिरल्यासारखं वाटायचं, तेवढंच. वहिनींना तेवढं पुरत होतं.

डिसेंबरच्या मध्याला जिन्यात खालच्या मजल्यावरच्या फ्राउ ब्रांट भेटल्या. ऐंशीच्या घरातली एकटी बाई. मोडकं इंग्रजी येत होतं, आणि वहिनींना एक्स्चेंजमुळे इंग्रजी चांगलं. बोलता बोलता वहिनींनी विचारलं, आमच्या आधी वर कोण राहायचं.

"फ्राउ लिंडनर," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं. फार स्वच्छ बाई. त्या बाथरूममध्ये पडल्या. डिसेंबरात गेल्या असं डॉक्टर म्हणाले. आम्हाला कळलं फेब्रुवारीत."

"दोन महिने? कुणीच वर गेलं नाही?"

फ्राउ ब्रांटनी कठड्याला धरलं.

"हो... मी जायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "पण मला वरून रोज व्हॅक्यूमचा आवाज यायचा. म्हणजे बाई ठीक आहे, असं वाटायचं मला. फेब्रुवारीपर्यंत येत होता."

वहिनी वर आल्या. सत्यजितला सांगावं असं मनात आलं. पण काय सांगणार? आई म्हातारी झाली, एकटेपणाने भ्रम व्हायला लागला, असंच तो म्हणणार. आणि कौमुदीला सांगायचं म्हणजे ते कौतुक आपलं नव्हतं हे कबूल करायचं. त्या गप्प बसल्या. फक्त घराशी बोलणं बंद केलं.

ते बोलणं बंद झालं आणि घर बदललं.

आधी कंगव्यात अडकलेले केस दिसेनासे झाले. मग तेलाची बाटली कपाटात गेली. उशाजवळचा वासुदेवरावांचा फोटो सापडेना, तो खालच्या ड्रॉवरमध्ये पालथा निघाला. वहिनींनी कौमुदीला विचारलं. "मी तुमच्या वस्तूंना हात लावत नाही, आई," ती म्हणाली. जरा दुखावली. चपला दाराबाहेर मिळायला लागल्या. खुर्चीवर टाकलेली शाल घडी होऊन बॅगेवर. वहिनींचं जे जे काही घरात पसरलं होतं, ते हळूहळू गोळा होत चाललं होतं.

चोवीस डिसेंबर. शनिवार. त्यांच्या नाताळची आदली संध्याकाळ. त्या दिवशी दुपारनंतर सगळं गाव बंद. दुकानं बंद, रस्ते रिकामे, जो तो आपापल्या माणसांत. सत्यजितचा मित्र हरीश ड्युसेलडॉर्फला असतो. त्याच्या बायकोला सकाळीच अचानक दवाखान्यात न्यावं लागलं, आठवा महिना होता, म्हणून सत्यजित आणि कौमुदी तिकडे धावले. संध्याकाळी पाचला सत्यजितचा फोन आला.

"आई, इथे ऑपरेशन करायचं ठरलंय. आम्ही आता सकाळीच येऊ. राहशील ना एकटी?"

"राहीन की. रोज राहतेच."

हे बोलून गेल्यावर त्यांना स्वतःलाच कसंतरी झालं. पण तोवर फोन बंद झाला होता.

त्यांनी देवापाशी दिवा लावला. थोडी खिचडी केली, खाल्ली, ताट धुऊन जाळीवर निथळत ठेवलं. सात वाजले असतील. बाहेर अडीच तासांपासून मिट्ट काळोख होता. झोपायच्या आधी पाय धुवायची त्यांची सवय. पाय धुतले, आणि ओल्या पावलांनीच खोलीत आल्या.

पलंग सपाट होता.

रजई नाही. उशी नाही. चादर ताणून बसवलेली, हॉटेलात असते तशी. कपाट उघडलं. रिकामं. साड्या, स्वेटर, औषधांचा डबा, काही नाही. दाराशी त्यांची बॅग उभी होती. कुलूप लावलेली.

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. ताट जाळीवर नव्हतं. जाळी कोरडी होती. खुर्ची आत सरकवलेली. देवापाशी दिवा...

दिवा विझला होता. वात नव्हती. समई घासून पुसून लख्ख. हात लावला तर गार. जणू कित्येक महिन्यांत कुणी पेटवलीच नव्हती.

फोन बाहेर पॅसेजमध्ये होता. तिकडे जायला त्या वळल्या. दाराच्या चौकटीवर उजवा हात टेकला. सहज खाली बघितलं.

जमिनीवर त्यांची ओली पावलं उमटली होती. बाथरूमपासून खोलीपर्यंत. खोलीपासून इथपर्यंत.

बाथरूमपाशी पहिलं पाऊल होतं. ते पुसलं गेलं.

मग दुसरं.

मग तिसरं. घाई नाही. एकेक. नीट. कडेकडेने फिरून. जमिनीवर फडक्याचा आवाज. दिसत काही नव्हतं.

खोलीपर्यंतची संपली. मग खोलीपासूनची...

वहिनींना हलता येईना. शेवटचं पाऊल त्यांच्या टाचेखाली होतं. तिथे आवाज थांबला.

घर शांत.

आणि मग उजव्या हाताला काहीतरी लागलं. ओलं. गार. पिळलेलं फडकं.

अंगठ्यापासून सुरुवात झाली. अंगठा. मग त्याच्या शेजारचं बोट. मग मधलं. लहान मुलाचे हात जेवणानंतर पुसतात ना, तितक्या मायेने. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तिच्यात राग नव्हता हो. तिला मी दिसतच नव्हते. चौकटीवर डाग होता, तो ती काढत होती."

करंगळी. मग हात उलटा झाला. मग तळवा...

वहिनींच्या तोंडून आवाज फुटला. एक्स्चेंजमध्ये लाइन तुटायला लागली की बोलायच्या, तसा. "हॅलो... मी आहे. मी लाइनवर आहे. मी अजून आहे..."

फडकं थांबलं.

तेवढ्यात त्यांनी हात ओढून घेतला, दार उघडलं आणि अनवाणी जिना उतरल्या.

फ्राउ ब्रांटनी दार लगेच उघडलं. त्याही एकट्याच होत्या, टेबलावर एकच ताट होतं. काय झालं, त्यांनी विचारलं नाही. वहिनींना कोचावर बसवलं, अंगावर ब्लँकेट टाकलं. थोड्या वेळाने वरून आवाज सुरू झाला. व्हॅक्यूमचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत. परत. दोघींनी छताकडे बघितलं. मग फ्राउ ब्रांटनी रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

सकाळी सत्यजित आणि कौमुदी आले. हरीशला मुलगी झाली होती, आई आणि बाळ सुखरूप. दार उघडून सत्यजित बघतच राहिला. "आई, रात्रभर साफसफाई करत होतीस का? नवीन घर वाटतंय." वहिनींनी बॅगेकडे बोट दाखवलं आणि तिकीट अलीकडचं करून दे म्हणाल्या. कारण सांगितलं नाही. कौमुदीने एकदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि लॅपटॉप उघडून स्वतःच तिकीट बदललं. त्या उन्हाळ्यात दोघांनी ते घर सोडलं, तिच्याच आग्रहावरून. ती का म्हणाली, तिने काय ऐकलं होतं, ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या नोव्हेंबरात वहिनींना पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. बँकेत यंत्रावर अंगठा ठेवायचा, की झालं. सोबत मीच गेलो होतो.

यंत्राने अंगठा घेतला नाही. पुसून पुन्हा ठेवला. नाही घेतला. उजव्या हाताची पाचही बोटं लावून झाली. "भांडी घासून रेषा झिजतात, काकू," बँकेतला मुलगा म्हणाला, "रोज चार-पाच जणांचं होतं असं. डावा द्या." डावा अंगठा ठेवला आणि पहिल्याच वेळी दाखला निघाला. वहिनींनी कागद पिशवीत ठेवला.

बाहेर पायरीवर उन्हात त्या थांबल्या. तिथेच त्यांनी मला हे सगळं सांगितलं. जर्मनीच्या व्हिसाच्या वेळी त्यांची दहाही बोटं बिनबोभाट उमटली होती, तेही सांगितलं. मग उजवा हात उघडून पुढे केला.

मी चष्मा लावला. हात हातात घेऊन उजेडाकडे वळवला.

बोटांवर रेषा नव्हत्या. पेरांवर नव्हत्या. तळव्यावर एकही नव्हती.