सेकंदाला पाच चित्रं जास्त

शहापूरच्या एसटी स्टँडजवळ माझं लग्नाच्या व्हिडिओंचं दुकान आहे. भूतबीत मी मानत नाही. पडद्यावर काही विचित्र दिसलं की मी आधी केबल हलवून बघतो.

फेब्रुवारीत किन्हवलीकडच्या पाड्यावरचा धनेश दोन कॅसेटी घेऊन आला. त्याच्याच लग्नाच्या, बावीस वर्षांपूर्वीच्या. त्याची आई सावळी धवलेरी, म्हणजे गाणी गाऊन लग्न लावणारी. गाताना ती घरातल्या मेलेल्या माणसांना एकेक नाव घेऊन मांडवात बोलावते. आता अर्धांगवायूने तिची वाचा गेली होती आणि परवावर तिची नात, धनेशची मुलगी रविना, हिचं लग्न आलं होतं.

"दुसरी धवलेरी आमची नावं कुठून आनील?" धनेश म्हणाला. "आयचाच आवाज लावू. आमची गेलेली मानसं आली नाय तर आय लगीन लागू देयाची नाय, सुनिलदादा."

घरी जुना डीव्हीडी प्लेअर होता, म्हणून डिस्कच हवी होती. भानगड अशी, की एक कॅसेट आपल्याकडच्या कॅमेऱ्याची, सेकंदाला पंचवीस चित्रं घेणारी. दुसरी गाणी टिपायला आलेल्या एका अमेरिकन बाईची, तीस चित्रांची. एका डिस्कवर दोन्ही नांदत नाहीत. घाईत मी सेटिंग बघितलंच नाही आणि सॉफ्टवेअरने अमेरिकन माप धरलं. मग आपल्या कॅसेटीत सेकंदाला जी पाच चित्रं कमी पडली, ती कॉम्प्युटरने मागचंपुढचं बघून स्वतःच बनवून भरली. डिस्क अडखळायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकेक चित्र पुढे सरकवत चूक शोधत होतो. पडद्यावर सावळी गात होती. तिने लखमाचं नाव घेतलं. खऱ्या चित्रांत मांडवाची कड रिकामी होती. कॉम्प्युटरने बनवलेल्या चित्रात तिथे एक माणूस बसला होता.

पुढचं खरं चित्र रिकामं. पुढच्या बनावट चित्रात तो पुन्हा बसलेला.

तिने कमळूला बोलावलं. आता दोघं होते. पाच नावं झाली तेव्हा पाच जण झाले.

दोन रिकाम्या चित्रांमधून माणूस कसा बनेल? मी केबल हलवली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पाचही जण तिथेच होते.

धनेशला बोलावून घेतलं. त्याने पडद्याजवळ तोंड नेलं आणि झटकन मागे घेतलं.

"लखमाकाका," तो कसाबसा म्हणाला. "माज्या लग्नाच्या दोन वर्सं आधी गेला तो."

"सेटिंग बदललं की जाईल सगळं," मी म्हणालो. मला ते माझ्या दुकानात नको होते.

मी पंचवीसचं माप लावून नवी डिस्क बनवली. चित्र लोण्यासारखं सरकलं, मांडवाची कड रिकामी. जुनी डिस्क मोडायला हातात घेतली, पण मोडवली नाही. पिशवीत टाकली.

लग्नाच्या सकाळी मी स्वतःच पाड्यावर गेलो. सावळी खाटेवर होती. टीव्हीपुढे एक घोंगडी अंथरली होती आणि तिच्यावर कोणी पाय देत नव्हतं. मी नवी डिस्क लावली. सावळी टीव्हीकडे बघतच नव्हती. ती घोंगडीकडे बघत होती.

पाच नावं झाली. ती चांगल्या हाताने खाटेची पट्टी बडवायला लागली. तोंडातून नुसता घोगरा आवाज.

"आजी नाय म्हनते," रविना रडायला लागली. हळद लागलेली पोर ती. धनेशने माझ्याकडे बघितलं.

मी पिशवीतली खराब डिस्क लावली.

"अडाकते रे ही!" मागून कोणीतरी ओरडलं.

सावळी शांत झाली. एका नावाला तिने एक बोट मिटलं. दुसऱ्याला दुसरं. पाचव्या नावाला मूठ मिटली आणि तिने मान डोलावली.

लग्न लागलं.

जेवणाच्या पंगतीला जागा हवी म्हणून मी घोंगडी उचलायला वाकलो. सकाळपासून तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. माझी नजर तिच्यावरच होती.

ती गरम होती, माणूस नुकताच उठून गेल्यावर असते तशी. मी हात फिरवला. सगळीकडे नाही. पाच जागी.

तेवढ्यात धनेशची आत्या गोदू पत्रावळी घेऊन आली.

"ठेव रे ती खाली," ती म्हणाली. "आमची मानसं जेवली नाय अजून."