बिनदोऱ्याची लाली

सासूबाई रानात गेल्या त्या दिवशीही भांडूनच गेल्या. कारण काय, तर दोऱ्याचं रीळ. सूनबाईने ते खिळ्याला न अडकवता खिडकीत ठेवलं होतं.

"जागच्या जागी ठेवलं की सापडतं. कधी कळायचं तुला, धांदरटे?" एवढं बोलून त्यांनी दोरा तोडून घेतला, टोपली उचलली आणि दार आपटलं. दोन पावलं जाऊन परत आल्या. "धुकं आहे. माझ्यामागे येऊ नकोस, खोकला वाढेल." मग दार पुन्हा आपटलं.

बारा वर्षं हे असंच चाललं होतं. पुढच्या खोलीत रानातली अळंबी निवडायचं लांब टेबल, मागच्या खोलीत ती सुकवायच्या जाळ्या, आणि दिवसभर सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा. पण लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात सूनबाईने एक विषारी अळंबी चांगल्यांत मिसळली, तेव्हा त्यांनी आठ दिवस तिला फैलावर घेतलं आणि नवव्या दिवशी स्वतःची शिंगाच्या मुठीची सुरी तिच्या हातात दिली. तेव्हापासून सूनबाईचा त्या बाईवर फार जीव. तोंडाने ती तसं कधी बोलली नाही, एवढंच.

टेबलावरचा सगळ्यात कडक नियम लालीचा. लाली म्हणजे काही वेगळी अळंबी नव्हे. रानात उगवलेल्या अळंबीवर कधीकधी दुसरीच एक बुरशी चढते. ती छत्रीखालचे पापुद्रे बुजवते, वर लाल खरखरीत साल धरते आणि आकार तेवढा जुना ठेवते. तिखटजाळ अळंबीवर चढली तर ती गोड होते, आणि हॉटेलवाले तिच्यासाठी ताटकळत बसतात. विषारीवर चढली तर मात्र खाणाऱ्याचं काही खरं नाही, कारण वरून सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणून लाली दिसली की तिच्या जवळपास तिच्याच जातीची, अजून बुरशी न लागलेली शेजारीण शोधायची, दोघींना एका दोऱ्याने बांधायचं, मगच टोपलीत टाकायचं.

"आत कोण आहे ते कळल्याशिवाय घरात घ्यायचं नाही," सासूबाई म्हणायच्या.

त्या संध्याकाळी त्या परतल्या नाहीत. माणसं शोधायला गेली, धुक्यात हाका मारून घसे बसवून आली. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला सासूबाई आपणहून दारात उभ्या. अंगाला कुजट ओल्या लाकडाचा वास. टोपली लालीने शिगोशीग भरलेली, आणि एकीलाही दोरा नव्हता.

"दमलीस ना गं बाळ, माझी वाट बघून?" त्या म्हणाल्या.

सूनबाईच्या अंगावर सरसरून काटा आला. बारा वर्षांत 'बाळ'?

डॉक्टर तपासून गेले. नाडी उत्तम, रक्तदाब तर पूर्वीपेक्षा बरा. नवरा खुशीत होता.

"अगं, घरात पहिल्यांदा शांतता आहे. तुला ती बोचते का?"

"आमटी अळणी झाली तरी छान म्हणाल्या..."

"मग?"

"मग काय मग! आईंनी कधी कशाला छान म्हटलंय?"

तो हसला.

मग तिने मुद्दाम चुका करायला सुरुवात केली. जाळ्या उलट्या टांगल्या. टेबल तसंच बरबटलेलं ठेवलं. रीळ रोज खिडकीत. सासूबाई नुसत्या हसायच्या. "असू दे गं बाळ." मागच्या खोलीत उभी राहून सूनबाई ढसाढसा रडली. सासू रागावत नाही म्हणून रडणारी सून जगात दुसरी नसेल.

पाचव्या दिवशी दुपारी चारला सासूबाईंनी एका लालीची पातळ चकती कापून बशी पुढे सरकवली. "चाखून बघ ना. गोड आहे." बारा वर्षं ऐकायची सवय; हात आपोआप गेला.

"ठेव खाली! शेजारीण कुठाय तिची, गाढवे?"

बशी टेबलावर खणखणली. तोच आवाज, कपाळावर तीच शीर, तेच उगारलेलं बोट.

"आई... तुम्ही आहात?"

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या फार लांबून बघत असल्यासारख्या तिला शोधत होत्या. "रीळ..." त्या पुटपुटल्या. "जागेवर..." आणि मग चेहरा पुन्हा गुळगुळीत झाला. "काय गं बाळ? खाल्लं नाहीस?"

त्या दिवसापासून सूनबाईला चार वाजायची ओढ लागली. ती समोर बसायची आणि मुद्दाम चकती उचलायची, फक्त तेवढं ओरडणं ऐकण्यासाठी. दुसऱ्या दिवशी ते आलं, पण चकती हनुवटीपाशी पोचल्यावर. त्याच्या पुढच्या दिवशी ओठांपाशी. आवाजही रोज बारीक होत चालला, कोणीतरी आतल्या आत एकेक दार लावून घेत असल्यासारखा.

आठव्या दिवशी चकती ओठांना लागली. आवाज आला नाही.

ती थांबली. सासूबाई प्रेमाने बघत होत्या. "खा ना..."

तिने दात टेकवले. जिभेवर गोडवा उतरला, इतका गोड की डोळे मिटले. "आई," ती मनात म्हणाली, "एकदाच रागवा हो..."

खाडकन तिचा हात खाली खेचला गेला. चकती जमिनीवर पडली. तिने थू थू करून तोंडातलं सगळं थुंकलं आणि मनगटाकडे पाहिलं. मनगटाला दोरा बांधलेला होता. गाठ दुहेरी, डावखुरी. तशी गाठ फक्त सासूबाई मारायच्या. दोरा टेबलावरून पलीकडे गेला होता, आणि त्याचं दुसरं टोक सासूबाईंच्या मनगटाला होतं, लालीला शेजारणीशी बांधतात तसं.

सासूबाईही दोऱ्याकडेच बघत होत्या, लहान मुलासारख्या गोंधळून. "हे कुणी बांधलं गं?"

सुरी हाताशी होती, पण दोरा कापायचं सूनबाईच्या मनात आलं नाही. तिने खिडकीकडे पाहिलं. सकाळी तिने स्वतः तिथे ठेवलेलं रीळ आता तिथे नव्हतं. ते खिळ्याला अडकवलेलं होतं.