आयलीच्या कपाटाची पेटी

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या हातून घडलंय. आकड्यांचा कागद अजून माझ्याकडे आहे.

रात्रही नव्हती. फेब्रुवारीतला शनिवार, दुपारचे तीन. अमेरिकेतल्या डुलुथमधलं माझं गराज, बाहेर गुडघाभर बर्फ.

मी स्पीकरच्या पेट्या बनवते. कुणी शिकवलं नाही. चुकत चुकत, लाकूड वाया घालवत शिकले.

शेजारी ऑर्वल टिक्कानेन राहतात, वय एक्याऐंशी. त्यांची बायको आयली दोन वर्षं श्वासासाठी झगडून गेली. तिचं बर्चच्या लाकडाचं कपाट सुटं करून त्यांनी माझ्याकडे आणलं. सोबत चर्चमधल्या तिच्या गाण्याची एकुलती एक टेप.

“लॉर्ना, याच लाकडाची पेटी कर. येत्या रविवारी आमच्या लग्नाचा वाढदिवस. ती घरात आहे असं वाटलं पाहिजे, बास.”

“आणि नाही वाटलं तर?”

“तर कपाटही गेलं आणि तीही. शिवाय तुला कॉफी मिळणार नाही.”

चहूबाजूंनी बंद पेटी करायची ठरवली. आतली लांबी, रुंदी, उंची गुणली. आधाराच्या पट्ट्यांची जागा वजा केली. उरले बेचाळीस लिटर. आत पुरेशी जागा नसेल तर आवाज घुसमटतो.

म्हणून स्पीकर बसवण्याआधी मी त्याच्या भोकातून पक्ष्यांना घालायचे दाणे ओतते, लिटरच्या मापानं. खात्री होते.

साडेएक्केचाळीस... आणि पेटी काठोकाठ.

रिकामी केली. पुन्हा भरली. बेचाळीस.

पुन्हा. साडेएक्केचाळीस.

माप तेच. दाणे तेच. जमिनीवर एकही सांडलेला नाही.

अर्धा लिटर जागा... येत होती, जात होती.

माझी बहीण गेल हॉस्पिटलात श्वासाच्या यंत्रांवर काम करते. तिला फोन लावला.

“अगं, पन्नाशी ओलांडलीस. मोजताना चुकतेस.”

“तीन वेळा? आणि फरक दर वेळी बरोब्बर अर्ध्याच लिटरचा?”

ती हसायची थांबली.

“काय झालं गं?”

“काही नाही... माणूस एका श्वासात साधारण तेवढीच हवा आत घेतो.”

मी पेटीकडे बघितलं. दाणे काठापर्यंत होते.

बघता बघता... मधोमध खळगा पडला.

मग दाणे हळूच वर आले.

स्पीकर बसवायचा म्हणजे पेटीचं ते एकच भोक बुजवायचं. स्क्रू हातात होते. हात पुढे जाईना. आयलीनं दोन वर्षं काय सोसलं, ते मी माझ्या खिडकीतून पाहिलं होतं.

शेवटी पेटीला आणखी एक भोक पाडलं आणि हवेसाठी नळी बसवली. म्हणजे सगळं गणित पुन्हा. नळीनं व्यापलेली जागा वजा, तिची लांबी नव्यानं. होऊ दे म्हटलं.

रविवारी ऑर्वलच्या बैठकीच्या खोलीत टेप लावली. आयली गायला लागली. ऑर्वलनी कप खाली ठेवला. दोन ओळींच्या मध्ये तिचा श्वासही ऐकू येत होता... खोल, मोकळा.

गाणं संपलं. मी बटण बंद केलं.

श्वास चालूच होता.

“ऑर्वल... स्पीकरची तार काढू का?”

“काढ की,” ते डोळे पुसत म्हणाले. “तिला कशाला लागते तार?”

याला तीन वर्षं झाली. त्या कपाटाची एक फळी माझ्याकडे उरलीय. टाकवत नाही, वापरवत नाही. तिच्याजवळ काम करताना कधी कधी मी मुद्दाम श्वास रोखून उभी राहते.

मग गराज अगदी शांत व्हायला हवं...

होत नाही.