पाचचा टोल

पहाटे पाच वाजता लाकडी चौकीवर टोल पडला.

पाच ठोके. लोखंडावर लोखंड.

तारीख १७ नोव्हेंबर २०२३, वार शुक्रवार. त्या वेळी चौकीवर तीन माणसं होती आणि तिघंही आत होती. ओसरीच्या तुळईला पूर्वी जिथं टोलाचा रूळ टांगलेला असायचा, तिथं आता नुसता गंजलेला आकडा होता.

रूळ चोरीला जाऊन कैक वर्षं झाली होती.

ही घडलेली गोष्ट आहे. पटत नसेल त्याने हिवरवाडीत जाऊन कुठल्याही घरी विचारावं. सांगतील. फक्त दिवस मावळायच्या आत विचारावं.

हिवरवाडी बालाघाटच्या कुशीत आहे आणि चौकी तिच्या वर, डोंगरात. निजामाच्या काळात कुणा अधिकाऱ्याने शिकारीसाठी ती बांधून घेतली. खाली काळा दगड, वर सागवानी फळ्या, माथ्यावर कौलं. पुढं तिथं जंगलाचा राखणदार राहू लागला. आता एका ठेकेदाराने ती रंगवून घेतली आहे, सौरदिवा बसवला आहे, आणि फोनवर खोली मिळते. सोलापूर-लातूरकडची मंडळी येतात, फोटो काढतात. एकदा मुक्काम केलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

दगडाबाई फोटो काढायला आली नव्हती. ती नवऱ्याला शोधायला आली होती.

तिचा नवरा बलभीम या चौकीचा राखणदार होता. पहाटे पाचला आणि संध्याकाळी सातला टोल द्यायचा, हे त्याचं काम. पाचच्या टोलावर वाडीतल्या बाया उठायच्या, चुली पेटायच्या. १४ मार्च १९९८ ला, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊ वाजता वनखात्याचे साहेब चौकीवर आले तेव्हा दार सताड उघडं होतं. बलभीम नव्हता. मागच्या खोलीत जप्तीची चंदनाची अकरा लाकडं होती, तीही नव्हती.

कागदावर लिहिलं गेलं : रात्रीतून माल घेऊन फरार.

वाडीतल्या बायांचं म्हणणं वेगळं होतं. त्या दिवशीही पाचचा टोल त्यांनी ऐकला होता. रात्रीच पळालेला माणूस पहाटे टोल कसा देईल?

ते कुणी लिहून घेतलं नाही.

तेव्हा निकिता चार वर्षांची होती. शाळेत ती 'चंदनचोराची पोर' झाली. मोठी झाल्यावर तीन ठिकाणी जमत आलेलं लग्न त्याच एका शब्दावर फिस्कटलं. आता ती नळदुर्गला एका मेडिकलवर काम करते आणि लग्नाचं नाव काढू देत नाही.

२०१० मध्ये बलभीमच्या थोरल्या भावाने, आण्णासाहेबांनी, आपल्या परीने विषय मिटवला. बारा वर्षं झाली, माणूस परतला नाही, आता शास्त्राप्रमाणं करायचं म्हणून त्यांनी पळसाच्या पानांचा पुतळा केला, ओढ्यावर नेऊन त्याला अग्नी दिला, आणि घरी येऊन भावजयीला कुंकू पुसायला सांगितलं.

दगडाबाई भाकरी थापत होती. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि मगच बोलली.

"पानं जाळलाव तुमी, दादा. माणूस कुठंय?"

कुंकू राहिलं. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही, हा प्रश्न गावाला पडला. तिला पडला नाही. बोलावणं आलं तर ती जायची, नाही आलं तरी जायची.

अशी ही बाई, वय पासष्ट, लेकीला घेऊन चौकीवर आली.

चौकीची राखण करणारा शिवलिंगप्पा सीमेपलीकडचा, तीन वर्षांपासून इथं. त्याने आधी थट्टा केली, की मावशी, माणसं महाबळेश्वरला जातात, तुम्ही या दगडात काय बघणार? मग ती कोण हे त्याला कळलं. त्याने चुलीवरचा चहा उतरवला.

नंतर एकच गोष्ट सांगितली. पहाटे काही ऐकू आलं तर ऐकायचं आणि पडून राहायचं. ऊन ओसरीवर येईपर्यंत कडी काढायची नाही.

त्याचा कुत्रा पायऱ्यांशी बसला होता. भाकरीचा तुकडा ओसरीवर टाकला तरी तो वर चढला नाही.

सात वाजायला आले तशी दगडाबाई त्या आकड्याखाली जाऊन बसली.

सात वाजले...

काहीच झालं नाही. खाली वाडीत कुणाचा तरी टीव्ही लागला होता, तेवढाच आवाज. निकिताला हायसं वाटलं. दगडाबाईला नाही.

"सातचा देत न्हाईत व्हय?"

"न्हाय मावशी," शिवलिंगप्पा म्हणाला. "पाचचाच."

दगडाबाईने मान हलवली. बलभीमने दिलेला शेवटचा टोल पाचचाच होता.

पहाटे तिला जाग आली ती आवाजाने नाही.

आवाज थांबल्यामुळं आली.

रातकिडे बंद झाले होते. टिटवी गप्प होती. कौलांवर रात्रभर चाललेली उंदरांची पळापळ थांबली होती. एवढ्या मोठ्या रानात निकिताच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हतं...

आणि ठोका पडला.

तिच्या उशाच्या फळीपलीकडं. फळी थरथरली, ते तिच्या तळहाताला कळलं.

दुसरा. तिसरा. सावकाश, मोजून. घाई नसलेल्या माणसाने द्यावा तसा.

चौथा.

पाचवा.

निकिताने आईचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. दगडाबाईने तो सोडवून घेतला आणि उठली. पलीकडच्या खोलीतून शिवलिंगप्पाने हळू आवाजात सांगितलं, की मावशी, कडी काढू नका.

"पंचवीस वर्सं जित्त्या माणसांनी भ्या दावलं, आप्पा," ती म्हणाली. "मेलेल्याचं काय नवं हाय?"

तिने कडी काढली.

ओसरीवर कुणी नव्हतं. वारा नव्हता. तुळईचा आकडा मात्र हलत होता... नुकतंच काहीतरी जड त्यावरून उतरवावं तसा.

दगडाबाई ओसरीच्या मधोमध उभी राहिली. तिचा आवाज कापला नाही, हे निकिता आजही सांगते.

"अवो, तुमी पळाला न्हाई, म्हायती हाय मला. जगाला दावायचंय. कुठं हायसा ते दावा."

पाच वाजून गेले होते. टोल देऊन झाला होता.

तरी ठोका पडला.

पायऱ्यांच्या खाली.

दगडाबाई पायऱ्या उतरली. दुसरा ठोका पाण्याच्या टाकीजवळ. ती टाकीपाशी गेली. तिसरा पुढं, सागाच्या झाडीत. निकिता बॅटरी घेऊन मागं धावली. तिच्या लक्षात आलं, की ठोका सरकतो आहे, पण चालण्याचा आवाज नाही. खाली सागाची वाळकी पानं होती. त्यांच्यावरून सरडा गेला तरी कळतं. त्या दोघींच्या पायांखाली पानं मोडत होती. पुढं काहीच मोडत नव्हतं.

चौथा ठोका घळीच्या काठावर.

पाचवा...

पाचवा पायाखालून आला. दगडांची एक जुनी रास होती, तिच्यातून. दगडाबाईच्या टाचांतून कळ गुडघ्यापर्यंत गेली.

तिने लुगड्याच्या पदराची चिंधी फाडली आणि शेजारच्या धावड्याच्या झाडाला बांधली. मग उजाडेपर्यंत दोघी तिथंच बसल्या.

त्या राशीखाली काय आहे ते बघा, असा अर्ज दगडाबाईने त्याच दिवशी ठाण्यात दिला. तो मान्य व्हायला तीन आठवडे लागले, तेही निकिता रोज जाऊन बसली म्हणून. पंचांसमोर दगड हलवले. दोन हात खाली हाडं निघाली. माणसाची. अंगावर कपडा नाही, जवळ वस्तू नाही. ती तपासणीला गेली. निकिताचं रक्त घेतलं.

आण्णासाहेब आले. आता तरी कुंकू पुसा म्हणाले. दगडाबाईने सांगितलं, कागद येऊ द्या. त्याच्यावर त्यांचं नाव निघालं तर माझ्या हाताने पुसते, तुम्हाला सांगायला यावं लागणार नाही.

ते तिला सोपं नव्हतं. नवऱ्याच्या नावावरचा डाग जायला तिला नवरा मेलेलाच हवा होता. तिने ते कबूल केलं होतं.

कागद जून २०२४ मध्ये आला. निकिताने तो उभ्या उभ्या वाचला.

पुरुष. वय चाळीसच्या आसपास. मृत्यू वीस वर्षांपूर्वीचा किंवा त्याहून जुना. निकिताशी रक्ताचं नातं नाही.

गाव हसलं. म्हातारीने परक्याचा मुडदा उकरला, असं पारावर म्हणू लागले. तो माणूस कोण हे कुणाला माहीत नव्हतं. त्याच्यासाठी कुणी तक्रार दिल्याची नोंद सापडली नाही.

निकिता आठ दिवस धुमसत राहिली. एका संध्याकाळी तिने आईला ओसरीवर नेमकं काय म्हणाली ते पुन्हा विचारलं. दगडाबाईने शब्दाला शब्द सांगितलं.

"अवो म्हणलीस?"

"मंग काय म्हणू?"

"माय, अवो म्हणल्यावर कुनीबी ओ देईल की."



दगडाबाईच्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. तिने ते एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात. १९९८ ला ठाण्यात गेली तेव्हा हवालदाराने नाव विचारलं आणि ती अडली. नाव थोरल्या दिराने, आण्णासाहेबांनी सांगितलं. नावापाठोपाठ बाकीचंही त्यांनीच सांगितलं : पळाला असेल, त्याचं लक्ष नव्हतंच संसारात. तसंच लिहिलं गेलं. खाली अंगठा दगडाबाईचा.

"त्या राशीखालच्यानं खोटं न्हाई सांगितलं," ती निकिताला म्हणाली. "म्या इचारलं कुठं हायसा. त्यानं त्याची जागा दावली. त्याच्याबी घरी कुनीतरी वाट बघत आसंल."

आणि मग : "आपलं मानूस अजून ऱ्हायलंय. खोली सांग."

निकिताने खूप समजावलं. शिवलिंगप्पानेही फोनवर सांगितलं, की हाडं नेल्यापासून टोल बंद आहे, कुत्रा ओसरीवर निजतो, आता कशाला उठवता? दगडाबाईने त्याचं म्हणणं पूर्ण ऐकलं आणि ८ नोव्हेंबर २०२४, शुक्रवारची खोली घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला तिने तोंड धुतलं. कुंकू लावलं. कडी काढून ओसरीवर आली. निकिता आणि शिवलिंगप्पा दारात उभे होते.

रान बोलत होतं. कुत्रा झोपला होता.

दगडाबाईने एकदा ओठ हलवले. आवाज निघाला नाही. सहासष्ट वर्षांची बाई, पण नव्या नवरीसारखी तिची मान खाली गेली.

मग तिने मान वर केली.

"बलभीम!"

समोरच्या डोंगरावर आदळून नाव परत आलं.

"बलभीम! म्या दगडा. कुनाला भिऊ नगा. या."

कुत्रा उठला. ओसरीवरून उतरला आणि खाली वाडीकडं निघून गेला.

रातकिडे थांबले...

पाच वाजले. तुळईचा आकडा हलला नाही. शिवलिंगप्पाने मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली होती. तो तीसवर आला.

आणि समोरून टोल आला.

चौकीवरून नाही. घळीच्या पलीकडून, ओढा ओलांडून जो डोंगर आहे तिथून. त्या डोंगरावर कधी चौकी नव्हती. वस्ती नव्हती. गुरं नेण्याइतकी वाटही नाही.

पाच ठोके. पाचही वाडीने ऐकले. बाया अंगणात आल्या. त्यातल्या ज्या साठीच्या पुढच्या होत्या, त्यांनी हा हात ओळखला. चौथ्या ठोक्यानंतर किंचित थांबून पाचवा द्यायची बलभीमची सवय होती, असं त्या सांगतात. तसं कुठल्याही कागदात नाही. ते त्यांचं सांगणं आहे, एवढंच इथं नोंदवता येतं.

शिवलिंगप्पाने डिसेंबरात नोकरी सोडली. ठेकेदाराने चौकीला कुलूप लावलं.

समोरचा डोंगर शोधावा, असा अर्ज दगडाबाईने ११ नोव्हेंबरला दिला. त्यानंतर चार स्मरणपत्रं दिली. अर्जदाराच्या नावापुढं नवऱ्याचं नाव आता ती स्वतः मोठ्याने सांगते, आणि लिहून घेणाऱ्याने नीट लिहिलं का तेही विचारते. कागदावर बलभीम अजून फरार आहे.

तिने हिवरवाडीत खोली घेतली आहे. रोज पाचला ती दारात उभी राहून नाव घेते. नळदुर्गला चल म्हणून निकिता दर रविवारी येते आणि एकटी परत जाते. रात्री निदान कडी तरी लाव, असं तिने आईला हात जोडून सांगितलं. दगडाबाई कडी लावत नाही. बोलावलेल्या माणसाला दार बंद दिसलं तर तो काय समजेल, असं तिचं म्हणणं आहे.

टोल रोज पडत नाही. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा. संक्रांतीपर्यंत तो डोंगराच्या माथ्यावरून यायचा. पुढं उतारावरून येऊ लागला. वाडीतल्या बायांनी तो जिथून आला ती ठिकाणं आपसांत पक्की लावून ठेवली आहेत आणि त्यात त्यांचं दुमत नाही.

गेल्या मंगळवारचा टोल ओढ्याच्या अलीकडून आला.

ओढ्याकडून वाडीत शिरताना पहिली खोली दगडाबाईची आहे.