चार नंबरची प्रत

आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर क्लबात मुलं बारा आणि कॉम्प्युटर दोन. त्यातला एक मनात आलं तर चालतो. शहाद्याच्या अलीकडचं हे गाव, चहूबाजूंना केळी आणि ऊस. इथल्या मुलांना डेटा सेंटर शिकवायचं होतं. चित्रं दाखवली की मुलं माना डोलावतात, पण डोक्यात काही शिरत नाही. मी हट्टी बाई, म्हणून मी वर्गाचंच डेटा सेंटर केलं.

बाकांच्या दोन रांगा लावल्या, टोकाला ऑफिसातला कूलर आणून ठेवला. प्रत्येक मूल म्हणजे एक मशीन, प्रत्येकाला नंबर. मी नंबर पुकारला की "शे", म्हणजे इथल्या अहिराणीत "आहे", म्हणायचं आणि आज काय केलं ते एका वाक्यात सांगायचं. खऱ्या सेंटरमध्येही मशीन दर काही सेकंदांनी आपण चालू असल्याचं कळवत राहतात. एखादं गप्प झालं, तर ज्याच्याकडे त्याची प्रत आहे ते मशीन त्याच्याऐवजी उत्तर देतं. म्हणून मी जोड्या लावल्या. जोडीदाराबद्दलच्या दहा गोष्टी वहीत उतरवून पाठ करायच्या. आईचं नाव, कशाची भीती वाटते, जखमेची खूण कुठे आहे, असं काहीबाही. मुलांना खेळ भलताच आवडला.

चार नंबर रिना. केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या फुलवंताबाईंची एकुलती एक, तोंडाला कुलूप म्हणून नाही. सात नंबर यामिनी, ऊसतोड करणाऱ्या वाहरूभाऊंची मुलगी, अबोल. दोघींनी एकमेकींची प्रत घेतली.

दिवाळी झाली आणि वाहरूभाऊ कुटुंबासह बारडोलीकडे ऊसतोडीला गेले. पोरीला ठेवून जा म्हणून मी विनवलं, ते नुसतं हसले. दरवर्षी हे असंच होतं आणि दरवर्षी मला तितकाच त्रास होतो.

त्यानंतरच्या शनिवारी क्लबात सवयीने मी पुकारलं, "सात."

"शे," रिना म्हणाली. "आज मोळ्या बांध्यात."

मुलं हसली. नियम बरोबर पाळला म्हणून मी तिला शाबासकी दिली. ही शाबासकी मला आजही बोचते.

पुढचे दोन शनिवार तिने तसंच उत्तर दिलं. आवाज मात्र बसत चालला होता, बडबड कमी झाली होती. चौथ्या शनिवारी ती म्हणाली, "शे. आज कोयता लागना. डावा हातले."

मी वर्ग सोडून व्हरांड्यात गेले आणि वाहरूभाऊंना फोन लावला.

"हो मॅडम, डावा हात," ते म्हणाले. "आत्तेच पट्टी बांधी. तुमले कोनी सांगं?"

मी काहीतरी थातूरमातूर बोलून फोन ठेवला. रिनाच्या घरी फोन नव्हता. यामिनीने शाळेतल्या कुणालाच फोन केला नव्हता, हे मी एकेकाला विचारून पक्कं केलं. मी विज्ञान शिकवते. कारण सापडेपर्यंत थांबायचं, असं मी मुलांना सांगते. मीही थांबले, आणि तिथेच चुकले.

डिसेंबरात एकदा मी पुकारलं, "चार."

कुणी उत्तर दिलं नाही.

पुन्हा पुकारलं. बाकीची मुलं रिनाकडे बघत होती. रिनाही मान वळवून इकडेतिकडे बघत होती, कोण उत्तर देतंय म्हणून.

सोमवारी फुलवंताबाई शाळेत आल्या. पदराचा बोळा तोंडाशी धरला होता.

"मॅडम, पोर मले माय म्हनत नही. घरमा पाहुनीनामायक बसस. पानी पेऊ का, आशे इचारस."

डॉक्टरांना दाखवून झालं होतं. त्यांना काही सापडलं नव्हतं. मला माझाच भयंकर राग आला. मग सुचलं ते माझ्या खेळातलंच. चार नंबरची प्रत एकाच ठिकाणी होती, सात नंबरकडे.

मी वाहरूभाऊंना फोन करून अक्षरशः रडले. मजुरी बुडवून ते चौथ्या दिवशी यामिनीला घेऊन आले.

दुपारची वेळ. वर्गात आम्ही चौघी. यामिनीच्या डाव्या हातावर ताजा व्रण होता. मी दोघींना समोरासमोर बसवलं. फुलवंताबाई दाराशी उभ्या राहिल्या.

"यामिनी, रिनाच्या दहा गोष्टी सांग. सावकाश."

यामिनीने डोळे मिटले. एकही गोष्ट ती विसरली नव्हती.

"रिनानी मायनं नाव फुलवंता."

रिनाने मान हलवली. माझ्या जिवात जीव आला.

"रिना मधमाशीले भ्यास. रिनाना गुडघावर टाका शेत."

रिनाने वही उघडली.

यामिनी सांगत राहिली, रिना लिहीत राहिली. एक आकडा, एक गोष्ट. सुवाच्य अक्षरात, जोडीदाराचं लिहावं तसं. स्कर्टखाली तिच्या गुडघ्यावरचे टाके मला दिसत होते. तिने तिकडे पाहिलंही नाही.

दहावी गोष्ट झाली. तिने खाली रेघ मारली, पेनाचं टोपण लावलं.

"पाठ करी टाकसू, मॅडम," ती म्हणाली. मग दारातल्या बाईकडे एक नजर टाकून तिने हळूच विचारलं, "पन हाई रिना कोठे ऱ्हास?"