आज्या, चल घरला

जव्हारच्या बाजारातून खाली उतरलं की उजव्या हाताला अनीसचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणायचं ते कौतुकाने. वर पत्रा, खाली ऑइल पिऊन काळी झालेली जमीन आणि मधे अनीस, एवढाच कारभार. पण मोखाड्यापर्यंत कुणाचीही मोटारसायकल रुसली की ती मुकाट्याने इथे यायची. शनिवारी शाळा सुटली की भावेशही यायचा. तो खोडाळ्याच्या बाजूला आश्रमशाळेत विज्ञान शिकवायचा, आणि ज्या गोष्टीचं कारण सांगता येत नाही ती घडलीच नाही असं समजा, असं मुलांना बजावायचा.

तिसरा तुळशीदास, मोखाड्याच्या सरकारी कचेरीतला कारकून. दिवसभर खाली मान घालून शिक्के मारणारा हा बारीक माणूस मोटारसायकलवर बसला की निराळाच दिसे. खोडाळ्याहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या घाटात त्याच्या मागे गाडी ठेवणं ही भावेशची चैन होती. ब्रेकला हात न लावता तुळशीदास वळण घ्यायचा आणि मागच्याला कळायचंही नाही की वळण होतं. भावेशला त्याचा हेवा वाटत नसे. नुसतं बघत राहावंसं वाटे.

२००७ साली श्रावणात एका दुपारी गॅरेजमधल्या छोट्या टीव्हीवर थायलंडमधली रेल्वे दाखवत होते. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी कैद्यांकडून आणि मजुरांकडून डोंगर फोडून घेऊन घातलेली. लोक आता तिथे मोटारसायकली भाड्याने घेऊन फिरतात म्हणे.

"आपण तीन शूरवीर कसाऱ्याच्या पुढे कधी गेलोच नाय," अनीस म्हणाला. "चलायचं का यार?"

तो थट्टा करत होता. तुळशीदासने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"मला जायचंय," तो म्हणाला. "माझा आजा तिथं हाये."

मग जे त्याने सांगितलं, ते इतक्या वर्षांच्या दोस्तीत दोघांनी कधी ऐकलं नव्हतं. तुळशीदासच्या गावात दर उन्हाळ्याच्या तोंडाशी बोहाडा होतो. देवादिकांचे मुखवटे चढवून एकेक सोंग संबळाच्या तालावर नाचत रस्त्याने येतं, आणि प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराकडे असतो. नरसिंहाचा मान यांच्या घराचा. शेवटचा नरसिंह नाचला तो तुळशीदासचा आजा, माघ्या. त्यानंतर तो मुंबईला गोदीत कामाला गेला, तिथून लष्कराच्या मजूर तुकडीत भरती झाला, आणि सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती लागला. वावर गावचा एक सोबती लढाईनंतर परत आला. त्याने एवढंच सांगितलं, की माघ्याला रेल्वेच्या डब्यात कोंबून वर नेलं, रूळ टाकायला.

गावाचा नेम असा, की सोंग घेणारा मेल्याखेरीज आणि त्याचे दिवस घातल्याखेरीज तो मुखवटा दुसऱ्याने तोंडाला लावायचा नाही. माघ्याला मेलेला कुणी पाहिला नव्हता. त्यामुळे दिवस घातले नव्हते, आणि मुखवटा साठ-पासष्ट वर्षं कणगीमागे कापडात गुंडाळून होता. दर बोहाड्याला नरसिंहाची पाळी आली की रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून संबळ वाजायचं, लोक हात जोडायचे, आणि पुढचं सोंग निघायचं. आता मात्र गावाने निकाल दिला होता. येत्या बोहाड्याला नरसिंह निघाला नाही, तर मान दुसऱ्या घराला.

"आत्याने अन्न सोडल्यागत केलंय," तुळशीदास म्हणाला. आत्या म्हणजे गौराबाई, माघ्याची लेक. बाप गेला तेव्हा ती झोळीत होती.

पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या हवालदाराने तिघांना आपादमस्तक न्याहाळलं. "थायलंडला? इतिहास बघायला?" तो असा हसला, की भावेश कानापर्यंत लाल झाला. पण दिवाळीच्या सुट्टीत तिघे निघाले. निघताना गौराबाईने तुळशीदासच्या हातात लाल फडकं दिलं.

"बाहेर मेलेल्या माणसाला आपण जाऊन आणायचा असतो," ती भावेशला समजावून सांगू लागली, जणू तोच वर्गात बसला होता. "तिथं उभं राहून हाळी द्यायची. तिथला खडा फडक्यात बांधायचा. वाटेत नदी आली की सांगायचं, इथं पाणी हाये, ये. नाय सांगितलं तं जीव त्याच काठाला राहतो. आणि मागं वळून बघायचं नाय."

थायलंडमधल्या कांचनाबुरी गावात त्यांनी तीन मोटारसायकली भाड्याने घेतल्या. तिथेही वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे अनीस पहिल्याच चौकात जावयासारखा मिरवू लागला. नदी भरून वाहत होती. त्या रेल्वेच्या पुलावर पर्यटक फोटो काढत होते. गावातल्या युद्धकैद्यांच्या दफनभूमीत गवत इतकं नेटकं कापलेलं, की चप्पल घालून पाय ठेवायला भावेशला संकोच वाटला. प्रत्येक दगडावर नाव, वय, पलटण. कितीतरी जण त्याच्या बारावीच्या मुलांहून चार-पाच वर्षांनीच मोठे. इंग्रज, डच, ऑस्ट्रेलियन. या लोकांनी आपल्या माणसांना किती जपलंय, याने त्याचा ऊर भरून आला.

"आपले कुठं?" तुळशीदासने विचारलं.

भावेशने राखणदाराला इंग्रजीत विचारलं. तो भला माणूस होता. त्याने हाताने सबंध डोंगरांची रांग दाखवली. मजुरांना दगड नव्हते. तामिळ, मलायी, बर्मी, काही तर बायकापोरांसकट, हजारोंनी मेले, आणि नावं कुणी लिहून घेतली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रेल्वेसाठी डोंगरात फोडलेल्या खिंडीकडे निघाले. रस्ता सागाच्या आणि बांबूच्या रानातून जात होता, आणि अनीस दर थोड्या वेळाने ओरडत होता, "अरे, हे तर जव्हारच आहे!" खरंच तसं होतं. तीच तांबडी माती, तेच वाळत आलेलं गवत. तुळशीदास पुढे होता. परक्या मुलखात, परक्या गाडीवर, तो तशीच अलगद वळणं घेत होता.

खिंड म्हणजे उभा कातळ मधोमध चिरलेला. यंत्र नाही, घण, पहार आणि माणसं. भिंतीवर पहारीचे ओरखडे अजून ताजे दिसत होते, आणि एका भोकात मोडलेल्या पहारीचा तुकडा तसाच अडकून राहिला होता. भावेशने तळवा कातळाला लावला. उपाशी माणसांनी हे फोडलं होतं. अनीसने डोक्याला रुमाल बांधला आणि ओठातल्या ओठात मेलेल्यांसाठी फातिहा म्हटली.

तुळशीदास खिंडीच्या मधोमध उभा राहिला. रुळांखालच्या खडीतला एक खडा त्याने फडक्यात बांधला. मग तोंडाशी हात धरून त्याने हाळी दिली.

"आज्या! चल घरला!"

दोन्ही बाजूंना उंच कातळ असूनही हाळी घुमली नाही. वरच्या बांबूत वारा होता, तो थांबला. भावेशने मनात कारण शोधलं. आवाज झाडांनी शोषला असणार.

"आज्या, चल!" तुळशीदास पुन्हा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "लय दिवस झालं. चल!"

परतीला पहिल्याच चढावर अनीसची गाडी दमली. त्याने बाजूला घेऊन चेन बघितली, प्लग काढून फुंकला, मागचा शॉकअब्सॉर्बर दाबून पाहिला.

"काय झालं?" भावेशने विचारलं.

"कुछ नहीं. गाडी चांगली आहे." अनीसने हात पुसले. "डबल सीट बसल्यासारखी चालते."

भावेश हसला. पण त्याचीही गाडी उतारावर ब्रेक दाबल्यावर जरा उशिरा थांबत होती. तुळशीदास मात्र सरळ पुढे बघून चालवत होता, आणि दर ओढ्याशी वेग कमी करून मोठ्याने सांगत होता, "आज्या, इथं पाणी हाये, ये."

दुपारी ते रस्त्याकडेच्या एका खानावळीत थांबले. मालकीण म्हातारी होती. तिने त्यांच्या टेबलावर पाण्याचे तीन ग्लास ठेवले. मग शेजारच्या टेबलावर ठेवले. मग त्याच्या पलीकडच्या टेबलावर. ग्लास संपले तशी ती आतून वाट्या घेऊन आली. खानावळीत दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

अनीसने भावेशकडे पाहिलं. भावेशने भाताकडे पाहिलं. निघताना म्हातारी दारात येऊन उभी राहिली, तिने हात जोडले, आणि ते बराच वेळ खाली केले नाहीत.

मुंबईहून ते गावाकडे जीपने आले. घाटात ड्रायव्हर कुरकुरला, की तीन माणसांत गाडी एवढी कशी दबते. पाड्याच्या तोंडाशी एरवी अंगावर येणारी कुत्री वाटेच्या कडेला जाऊन गप्प उभी राहिली.

गौराबाई तांब्या घेऊन अंगणात उभी होती. तिने खड्यावर पाणी घातलं, कपाळाला लावला, आणि मग विचारलं, "नाव घेऊन हाळी दिलीस ना?"

"आज्याचं नाव कसं घेऊ, आत्या?" तुळशीदास म्हणाला. "थोरल्यांचं नाव कधी घेतलंय का आपण? 'आज्या, चल घरला' म्हटलं."

गौराबाईने त्याच्या खांद्यावरून मागे, ते आले त्या रस्त्याकडे पाहिलं. तिची नजर सावकाश अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली.

"मंग बरेच आलं असतील," ती म्हणाली.

भावेशने मागे वळून पाहिलं. रस्ता मोकळा होता, उन्हात धूळ खाली बसत होती.

माघ्याचे दिवस घातले. पानं वाढायची वेळ आली तेव्हा गौराबाईने एकच पान वाढू दिलं नाही. अंगणभर पळसाची पानं मांडायला लावली आणि प्रत्येकावर भात वाढला. गावकीचा म्हातारा रघ्याबाबा ते बघून अस्वस्थ झाला.

"गौरे, ही कुणाची कोण माणसं? तुझा बाप यांच्यात हाये याला काय पुरावा? त्यांना परत लाव."

"कुठं लावू?" ती म्हणाली. "साठ वर्षांत त्यांना कुणी हाक मारली? पहिल्यांदा कुणी 'चल घरला' म्हटलं, तं उठून आली. एवढी आली, तं माझा बाप कसा मागं राहील?"

भावेशने या वेळी मनात कारण शोधलं नाही. गौराबाईला भीती वाटत नव्हती असं नाही. पण तिने एकही पान उचललं नाही.

रघ्याबाबाने मुखवटा कापडातून सोडवला. त्या हिवाळ्यात तुळशीदासची बायको नीता एकदाच म्हणाली, की भरलेले हंडे सकाळी अर्धे असतात. पुढे तिने तो विषय काढला नाही, आणि एक हंडा जास्त भरायला लागली.

बोहाड्याला अनीस आणि भावेश दोघेही गेले. गणपती, सरस्वती, वेताळ, एकेक सोंग येऊन गेलं. नरसिंहाची पाळी आली तेव्हा पूर्वेकडे फटफटलं होतं. पलिते विझवत होते. संबळ वाजायला लागलं आणि सवयीने लोकांनी रिकाम्या रस्त्याला हात जोडले.

या वेळी रस्ता रिकामा नव्हता.

तुळशीदास मुखवटा चढवून वळणावरून आला. लाकडी जबडा, पसरलेली आयाळ, आणि खाली तो कचेरीतला बारीक माणूस; पण पाय असे पडत होते, की म्हातारी माणसं रडायला लागली. त्यांनी लहानपणी पाहिलेली चाल तीच होती. त्याला ती कुणी शिकवली नव्हती. भावेशने आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं, आणि ते त्याने अनीसला बोलूनही दाखवलं.

लोक मागे सरकून वाट देऊ लागले. नरसिंह पुढे निघून गेला.

लोक सरकतच राहिले.

अनीसही सरकला. भावेशने पाहिलं, तर तो स्वतःही कुंपणाला पाठ लावून उभा होता. कशाला, ते त्याला सांगता आलं नसतं.

गौराबाईच्या दारासमोर रस्ता उताराचा होता. सोंगाचे पाय धुवायची तिथली रीत. तिने नरसिंहाच्या पायांवर पाणी घातलं, कपाळ टेकलं. तुळशीदास नाचत पुढे गेला.

ती उठली नाही.

तिने पुन्हा हंड्यात तांब्या बुडवला आणि समोरच्या रिकाम्या जमिनीवर हलकेच धार धरली. पाणी उताराने सरळ खाली जायला हवं होतं. ते अधेमधे फुटलं, दोन कोरड्या जागांना वळसा घालून गेलं, आणि खाली पुन्हा एक झालं. मग त्या जागा भिजल्या. गौराबाईने पुन्हा धार धरली. पाणी पुन्हा फुटलं, या वेळी जरा लहान जागांभोवती.

ती मान वर करून बघत नव्हती. थोड्या वेळाने तिने रिकामा हंडा बाजूला सारला.

"नीता," तिने हाक दिली, "आणखी पाणी आण. लहान पोरंपण हायेत."