नदीतला काळा चौकोन

माझ्या बहिणीचा, शकूचा, दुसऱ्या लग्नाचा पाट मोडला.

कारण विचाराल, तर तसं काहीच झालं नाही. तिच्या सासरी, लोधिवलीत, कुणालाही विचारा, हेच सांगतील.

पण ही गोष्ट खरी आहे. मे १९८५, रविवार, भर दुपार. साजगावच्या एका कारखान्यातली कॉम्प्युटरची खोली.

तालुक्याच्या ताप-पाहणीची, भोकं पाडलेली अकरा हजार कार्डं होती. माणशी एक. मी प्रोग्राम लिहिला होता: तालुक्याचे चौकोन पाडायचे, चौकोनातली माणसं मोजायची. थोडी असली तर ठिपका. पंधरा झाली की प्रिंटर अक्षरावर अक्षर ठोकून काळा डाग करणार.

पहिला नकाशा निघाला.

गावांवर डाग पडले. एक मात्र भर नदीत होता...

"नदीत कोण राहतं रं?" ऑपरेटर सहदेव म्हणाला. "मासं मोजलंस काय?"

मला हसू आलं नाही. शकूचा नवरा नागू गेल्या साली तिथंच बुडाला होता. प्रेत सापडलं नाही, म्हणून दहावा नाही. सासू मोतीबाई रोज त्याचं पान वाढायची. पाहणीवाल्यालाही तिनं तो घरातच मोजून दिला होता. आणि उद्या शकूचा पाट, शेलूच्या पोपटशी.

मी नागूचं कार्ड काढून खिशात घातलं.

दुसरा नकाशा. तो डाग नदीतून वर आला होता...

"सहदेव, कार्डं हलवलीस?"

"हात बी नाय लावला, आईशप्पत."

तिसऱ्यांदा प्रिंटर मधेच थांबला.



मग ठक. ठक. ठक.

आता तो डाग शकूच्या घरावर. आजूबाजूला नुसती शेतं. त्या चौकोनात माणसं दोनच. शकू आणि मोतीबाई.

मिळेल तो टेंपो पकडून लोधिवली गाठली.

मोतीबाई पानं मांडत होती. मी मोजली. पंधरा. समोर कुणीच नव्हतं.

पानांवरचा भात मात्र... कमी होत होता.

शकू भिंतीला चिकटून उभी. "दादा, ह्ये आलं रं."

"कुठंय?"

"पण एकटं नाय आलं."

सोमवारी पोपट आला. दारात चपला काढल्या, रिकाम्या घरात डोकावला. "आत बसाय जागा नाय," म्हणाला, आणि पुन्हा चपला घालून निघून गेला.

शकू अजून तिथंच राहते. एका अंगावर झोपते. कूस बदलायला जागा नाही म्हणते.

तरी माननीय तहसीलदारसाहेबांस सविनय विनंती, की नागू आमचा जावई असल्याने त्याजविषयी तक्रार नाही. मात्र नदीतून त्याच्यासोबत आलेल्या चौदा इसमांची ओळख पटवून त्यांना सरकारी खर्चाने आपापल्या घरी पोचते करावे.